चष्मा लावून ओएम-५: दोन पावसाळे वापरल्यावर

आधीच सांगते, ओएम-५ या छोट्या कॅमेऱ्याचा हा रिव्ह्यू फोटोच्या क्वालिटीचा नाहीये. त्यावर व्हिडिओंचा ढीग पडलाय, ते बघा. मी लिहितेय ते फक्त दोन गोष्टींवर, कॅमेरा हातात कसा बसतो आणि डोळ्याला लावला की कसं दिसतं. याआधीचा कॅमेरा घेताना मी नेमकं हेच दोन सोडून बाकी सगळं बघितलं होतं, मेगापिक्सेल, फोरके, ऑटोफोकस किती पॉइंटचा, सगळं पाठ होतं मला, आणि घरी आणल्यावर महिन्याभरात कळलं की मी तो डोळ्याला लावायचंच टाळतेय.

माझं प्रकरण असं की चष्मा उणे साडेतीनचा, त्यात सिलिंडर नंबर, आणि चाळिशी ओलांडल्यापासून प्रोग्रेसिव्ह काच, म्हणजे वर लांबचं आणि खाली वाचनाचं. हात लहान, बांगडी सव्वादोनची. फोटो काढायचे ते मुख्यतः वारीत, घाटात, गडावर, म्हणजे दिवसभर चालताना. मोठा कॅमेरा मानेला झेपत नाही म्हणून मिररलेस, त्यातही छोटा. बऱ्याच जणींचं आणि पन्नाशीकडे आलेल्या बऱ्याच जणांचंही असंच असणार, म्हणून एवढं सविस्तर.

आधीचा कॅमेरा कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. छोटा, चपटा, व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, डाव्या कोपऱ्यात. दिसायला फार देखणा. दुकानात तो ज्या अवस्थेत होता ते सांगते, कारण असं सगळीकडेच असतं. ग्रिपच्याच जागी चोरीचा अलार्म चिकटवलेला, बॅटरी काढून ठेवलेली. म्हणजे धरून बघता येत नाही आणि डोळा लावला तर आत काळोख. दुकानदार म्हणाला, मॅडम सगळे सारखेच असतात हो, सवय होते. मी ऐकलं आणि पैसे भरले. त्या वर्षी दिवे घाटात पालखीचा रथ चढत होता, पुढे जादाच्या बैलजोड्या लावलेल्या, माणसांचा पूर, आणि मी चष्म्यावरून फाइंडरला डोळा लावून फोटो काढत होते, मला दिसत होतं ते मधलं. कडा दिसत नव्हत्या. कडा बघायच्या तर डोळा किंचित डावीकडे सरकवा, मग उजवी कड जाते, उजवीकडे सरकवा तर डावी जाते. घरी येऊन बघितलं तर निम्म्या फोटोंत पताकांची टोकं कापलेली आणि एका कोपऱ्यात कुणाचा तरी अर्धा छत्रीचा दांडा. फोकस छान, रंग छान, आणि फ्रेम अशी. खूप वाईट वाटलं, वारीतला तो क्षण काही परत येत नाही.

त्यानंतर मी जरा अभ्यासाला बसले आणि आयपॉइंट नावाची भानगड कळली. कॅमेऱ्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये अगदी तळाला कुठेतरी मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. फाइंडरच्या काचेपासून डोळा किती लांब असला तरी पूर्ण चौकट दिसेल, ते अंतर. चष्म्याची काच आपल्या डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर पुढे असते, त्यात फाइंडरची काच रबराच्या आत थोडी खोल बसवलेली असते. आता आकडा १७ च्या आसपास असेल तर उरलं काय? तीन-चार मिलिमीटर, तेही चष्मा रबरावर दाबून धरला तर. मला कडा का दिसत नव्हत्या त्याचं उत्तर या एका वजाबाकीत होतं आणि ते दुकानात कुणीच सांगितलं नव्हतं.

सगळे मॅग्निफिकेशनचा आकडा सांगतात. ०.६२ एक्स, ०.७० एक्स, ०.८० एक्स. तो महत्त्वाचा आहेच, आतलं चित्र केवढं मोठं दिसणार ते त्यावर ठरतं. पण चित्र मोठं करायचं आणि डोळाही लांब ठेवायचा तर आतली भिंगं मोठी लागतात, मग बॉडी मोठी होते. छोट्या कॅमेऱ्यात जागाच नाही, त्यामुळे कशावर तरी पाणी सोडावं लागतं. फुजीफिल्मच्या एक्स-टी५ मध्ये ०.८० एक्स आणि आयपॉइंट २४ मिलिमीटर दोन्ही मिळतं, पण ते ५५७ ग्रॅम. त्याच कंपनीचा एक्स-एस१० घ्या, ४६५ ग्रॅम, पकड इतकी खोल आणि सुंदर की मुठीत दांडा धरल्यासारखा वाटतो, पण फाइंडर ०.६२ एक्स आणि १७.५ मिलिमीटर. सोनी ए६४०० मध्ये ०.७० एक्स आणि २३ मिलिमीटर, कागदावर चांगला हिशोब. सोनीनेच २०२० मध्ये फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, ए७सी काढला त्यात फाइंडर ०.५९ एक्सचा होता, २०२३ च्या ए७सी टू मध्ये तो ०.७० वर नेला, म्हणजे लोकांना हे जाणवतं आणि कंपन्यांनाही ते कळतं. आणि फुजीफिल्मच्या एक्स-एम५ सारख्यात तर फाइंडरच नाही, भर दुपारच्या उन्हात स्क्रीनवर हाताची ओंजळ धरून बघायचं.

तर या सगळ्यात मी थांबले ते ओएम सिस्टीमच्या ओएम-५ वर. आयपॉइंट २७ मिलिमीटर. मॅग्निफिकेशन फुलफ्रेमच्या हिशोबात ०.६८ च्या घरात. बॅटरी आणि कार्डासकट ४१४ ग्रॅम. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला कॅमेरा, ऑलिंपसच्या जुन्या ई-एम५ मार्क थ्रीचाच पुढचा अवतार, त्यामुळे फाइंडर काही नवा नाही. डॉट विचाराल तर २३.६ लाख. हा आकडा ऐकून भारी वाटतं पण त्याचा अर्थ १०२४ बाय ७६८ चा पडदा, प्रत्येक पिक्सेलचे लाल-हिरवा-निळा असे तीन डॉट धरून. आज महागड्या कॅमेऱ्यांत याच्या दुप्पट-तिप्पट असतात. शेजारी शेजारी धरून बघितलं तर बारीक पानांत फरक कळतो. पण इथे एक फायदा आहे जो मला वापरल्यावर लक्षात आला, हा पडदा ४:३ आकाराचा असतो आणि या कॅमेऱ्याचा फोटोही ४:३, त्यामुळे अख्खा पडदा चित्राला मिळतो. ३:२ चा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात तोच पडदा असेल तर चित्राला १०२४ बाय ६८३ एवढीच जागा, बाकी वरखाली काळी पट्टी. मी उभे फोटो फार काढते, दिंडीतली माणसं, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, त्यात ही जास्तीची जागा चांगलीच जाणवते.

पहिल्यांदा चष्म्यासकट डोळा लावला आणि चारही कोपरे एका नजरेत दिसले तेव्हा मी खरंच काही सेकंद तशीच बघत राहिले. बटण दाबलंच नाही. समोर आमच्या गॅलरीतली कुंडी होती फक्त.

मेनूत ईव्हीएफ स्टाइल (ईव्हीएफ म्हणजे हाच इलेक्ट्रॉनिक फाइंडर) म्हणून एक सेटिंग आहे ते चष्मेवाल्यांनी आधी शोधा. तीन प्रकार आहेत. एक आणि दोन मध्ये चित्र थोडं आत घेतलं जातं आणि शटर, अ‍ॅपर्चर वगैरे आकडे खाली वेगळ्या पट्टीत येतात, जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखे. तीनमध्ये चित्र पूर्ण पसरतं आणि आकडे चित्रावरच. चष्मा नसलेल्याला तीन आवडेल, मोठं दिसतं. मी दोनवर ठेवलाय, चित्र थोडंसं लहान पण कडांना डोळा पुरतो आणि वारकऱ्याच्या चेहऱ्यावर एक्स्पोजरचे आकडे नाचत नाहीत.

डायऑप्टरचं, म्हणजे डोळ्याच्या नंबराशी फाइंडर जुळवायचं, चाक फाइंडरच्या बाजूला आहे, उणे चार ते अधिक दोन. म्हणजे माझा उणे साडेतीन त्यात बसतो की, मग चष्मा काढून का बघत नाही असं मला भावाने विचारलं. दोन कारणं. चाकाने फक्त साधा नंबर जुळतो, सिलिंडर नंबर जुळत नाही, त्यामुळे अक्षरांना एका दिशेने सावली येतेच. आणि दुसरं म्हणजे रस्त्यावर दर फोटोला चष्मा काढायचा, डोक्यावर चढवायचा, परत घालायचा, हे काही चालत नाही, तेवढ्यात समोरची बाई पुढे निघून जाते. ज्यांचा सिलिंडर नंबर नाही आणि जे एका जागी बसून पक्षी वगैरे टिपतात त्यांनी चष्म्याशिवाय जरूर करून बघावं, चित्र मोठं आणि भरून दिसतं. चाक फिरवताना समोरच्या दृश्याकडे बघू नका, आतल्या आकड्यांकडे बघा, ते सुरीसारखे धारदार दिसले की थांबा. प्रोग्रेसिव्हवाल्यांनी अजून एक करा. आपण फाइंडरला डोळा लावताना नकळत हनुवटी वर करतो आणि काचेच्या खालच्या, वाचनाच्या भागातून बघायला लागतो. मी मान सरळ ठेवून वरच्या भागातून बघत चाक लावलं, आणि तेव्हापासून संध्याकाळी कपाळ दुखायचं ते बंद झालं. खरं सांगते, आधी मला वाटायचं उन्हामुळे दुखतं.

रबराचा आयकप लहानसा आहे. मोठाही वेगळा मिळतो, तो उन्हात चष्मा न लावणाऱ्यांना छान. आपण घ्यायचा नाही, काच आणखी दूर जाते.

आता हात. फाइंडरबाबत मी जेवढी खूश आहे तेवढी इथे नाही, पण नाराजही नाही. पुढची पकड उथळ आहे. मधलं बोट आणि अनामिका बसतात, करंगळीला जागा नाही, ती बॉडीच्या खाली दुमडून ठेवायची. माझा हात लहान म्हणून मला जमतं, माझ्या भावाचा पंजा मोठा, त्याने धरला की त्याची दोन बोटं अधांतरी. पण मागचा अंगठ्याचा उंचवटा मात्र ज्याने कुणी घडवलाय त्याला नमस्कार. अंगठा तिथे असा अडकतो की पुढची पकड उथळ असूनही कॅमेरा एका हाताने लटकवून चालता येतं. कॉम्पॅक्ट कॅमेरा बघताना सगळे पुढची पकड बघतात, मागचा अंगठा कुणी बघत नाही, पण निम्मं वजन तोच पेलतो. लेन्स म्हणून मी १२-४५ एफ४ प्रो लावलीय, २५४ ग्रॅम, दोन्ही मिळून ६६८. अर्धा किलो साखरेच्या पुडीपेक्षा जरा जास्त, सकाळी सहा ते दुपारी तीन मनगटाला काही झालं नाही. हीच बॉडी मोठ्या झूमला लावली तर तोल पुढे जातो, मग ती उथळ पकड कमी पडते, त्यासाठी ईसीजी-५ नावाची जोड ग्रिप मिळते, तिला स्वतःचं शटर बटणही आहे. मी घेतली नाही, कारण मग कॅमेरा छोटा कसला.

दोन डायल वर आहेत, एक शटर बटणाभोवती तर्जनीला, दुसरी अंगठ्याला. डोळा न काढता दोन्ही सापडतात हे मुद्दाम सांगते. मागे एक छोटी खिट्टी आहे, ती खाली केली की त्याच दोन डायल आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) आणि व्हाइट बॅलन्सच्या (रंगांचा तोल) होतात. ही खिट्टी म्हणजे माझ्यासाठी या कॅमेऱ्यातली सगळ्यात प्रेमाची गोष्ट. घाटात ढग आला, उजेड उतरला, अंगठ्याने खट, तर्जनीने आयएसओ वाढवला, परत खट. डोळा फाइंडरलाच.

जॉयस्टिक नाही. फोकसचा चौकोन हलवायला चार बाणांची बटणं, किंवा डोळा फाइंडरला ठेवून अंगठा स्क्रीनवर सरकवायचा. हा अंगठ्याचा प्रकार सुरुवातीला भन्नाट वाटतो पण फाइंडर मधोमध असल्याने नाक स्क्रीनला टेकतं आणि नाकानेही चौकोन हलतो, डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांना तर जास्तच, कारण त्यांचा अख्खा चेहरा स्क्रीनवर येतो आणि अंगठ्याला जागाच उरत नाही. कोपऱ्यातल्या फाइंडरचा हा एक मोठा गुण कबूल करायला हवा, उजव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक मोकळं राहतं. इथे मी स्क्रीन उलटी फिरवून बंद करून ठेवते, काच आत, पाठ बाहेर. नाकाचा घाम स्क्रीनला लागत नाही, चौकोन हलत नाही, आणि काढलेला फोटो लगेच बघायची खोडही मोडली. बाणांची बटणं वापरते, हळू आहेत पण चुकत नाहीत.

ऑन-ऑफचा स्विच डाव्या खांद्यावर. म्हणजे दुसरा हात लागतोच. छत्री धरली असेल तर अवघड आहे. मी कॅमेरा दिवसभर चालूच ठेवते, तो आपोआप झोपतो, शटर अर्धं दाबलं की जागा होतो. बॅटरी कंपनीच्या आकड्याने ३१० फोटोंची, त्यामुळे तीन बॅटऱ्या कनवटीला.

एक छोटी गोष्ट जी मला कुठल्याच रिव्ह्यूत सापडली नाही. उजवीकडे पट्टा अडकवायची त्रिकोणी धातूची कडी असते, ती बरोबर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात येते आणि दिवसभरात तिथे लाल वळ उठतो, शिवाय बांगडीवर किणकिण वाजते. कीर्तन चालू असताना ती किणकिण फार खटकते हो. मी दोन्ही कड्या काढल्या आणि बोहरी आळीतून बारीक नायलॉनची दोरी आणून तिचे फासे घातले, त्यात पट्टा. चाळीस रुपयांत हाताचा अर्धा त्रास गेला. कुठल्याही छोट्या कॅमेऱ्याला हे करता येतं.

पाऊस. हा कॅमेरा धूळ-पाणी रोखण्याच्या मापात आयपी५३ आहे, म्हणजे तिरप्या सरींना तोंड देतो, फक्त लेन्सही तशीच सीलवाली हवी. दोन्ही वर्षं घाटात भिजला, वर रुमाल टाकला की झालं. पण बॉडीत पाणी शिरलं नाही तरी डोळ्यासमोर पाणी येतंच. फाइंडरच्या काचेवर एक थेंब बसला की आत सगळं पाण्याखालचं दिसतं, त्यात आपला चष्मा, त्यात आपला श्वास. चढ चढून धाप लागलेली असते आणि नाकातून सोडलेली गरम हवा थेट काचेवर. मी आता डोळा लावताना खालचा ओठ पुढे न काढता तोंडाने खाली श्वास सोडते, आणि ओढणीच्या टोकाला जुन्या सुती धोतराचा तुकडा टाचणीने लावलेला असतो. मायक्रोफायबर एकदा ओला झाला की पाणी नुसतं फासतो, जुनं मऊ सुती कापड मात्र थेंब पिऊन टाकतं. तिसऱ्या वळणावर ढग फाटून पाठीमागून ऊन आलं तेव्हा समोरचे चेहरे काळे पडले होते, तेव्हा एस-ओव्हीएफ हा मोड लावला. त्यात एक्स्पोजरचा परिणाम दिसत नाही पण सावलीतलं स्पष्ट दिसतं, साध्या काचेतून बघितल्यासारखं. एका आजींच्या डोक्यावर वृंदावन, एक हात वर कुंडीला, दुसऱ्या हातात चपला, आणि त्यांचे डोळे मला त्या उलट्या उजेडात नीट दिसले म्हणून कधी दाबायचं ते कळलं. चारही कडा दिसत होत्या, पताका कुठे संपते तेही.

बाकीचं भराभर सांगते. हातातल्या थरथरीला आवर घालणारं स्टॅबिलायझेशन उत्तम, दिवेलागणीला उपयोगी. मेनू किचकट आहे, एक रविवार त्याला द्यावा लागतो. चार्जिंगला मायक्रो यूएसबी, म्हणजे जुनी केबल जपून ठेवा. सेन्सर लहान असल्याने अंधारात दाणा लवकर दिसतो, ज्यांचं सगळं काम रात्रीचं त्यांनी दुसरं बघा. फाइंडरचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची तो वेग, हाय ठेवला की फाइंडर भरभर फिरवताना चित्र कमी ओढलं जातं, रिंगणातल्या अश्वामागे कॅमेरा फिरवायचा असेल तर हाय, नाहीतर नॉर्मल, बॅटरी वाचते.

दुकानात जाणार असाल तर रोजचा चष्मा घालून जा आणि अलार्म काढून बॅटरी घालून द्यायला सांगा, नाही म्हणाले तर दुसरं दुकान. डोळा लावा, नजर मध्ये ठेवा आणि बुबुळ न हलवता चार कोपरे दिसतात का ते बघा. मग खालचे आकडे वाचा. मग दारातून बाहेरच्या उन्हाकडे आणि लगेच आतल्या काळोख्या शेल्फकडे फिरवा. डोळा न काढता फोकसचा चौकोन कोपऱ्यात नेऊन दाखवा स्वतःला. आणि मग पट्टा मनगटाला गुंडाळून पाच मिनिटं नुसते गप्पा मारत उभे राहा, बोटाच्या बेचक्यात काय टोचतंय ते आपोआप कळतं.

२०२५ मध्ये याचा मार्क टू आलाय, पकड जरा मोठी केलीय आणि यूएसबी सी दिलंय. नव्याने घेणाऱ्याने तोच बघावा, विशेषतः पंजा मोठा असेल तर. माझ्या भावाने तो धरून बघितला आणि त्याची करंगळी अजूनही खालीच जाते म्हणाला, पण मधली दोन बोटं बसली. मी बदलणार नाही. माझ्या दोरीच्या फाशांना आता हाताचा आकार आलाय.